पाचांपुढे सत्तेचाळीस का नमले

स्प्रिंगफील्ड, इलिनॉय
१२ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आपले पत्र पोहोचले. १८५५ साली सिनेटच्या निवडणुकीत पहिल्या फेरीत सर्वांत जास्त मते लिंकनला पडली असताना अवघ्या पाच मतांवर उभा असलेला लायमन ट्रंबुल निवडून आला तरी कसा, हा आपला प्रश्न फोनवर दोन वाक्यांत उरकण्यासारखा नाही, म्हणून सविस्तर लिहितो. ज्या सभागृहात हे घडले ते जुन्या विधिमंडळाच्या दगडी इमारतीत आजही पाहायला मिळते. मूळ इमारत १९६०च्या दशकात दगड न् दगड उतरवून पुन्हा उभारलेली असली, तरी बाके, गॅलरी आणि अध्यक्षांचे आसन अशा रीतीने मांडले आहे की त्या दिवशीच्या मतमोजणीची कल्पना सहज यावी.

त्या काळी अमेरिकेचे सिनेटर जनता निवडीत नसे. प्रत्येक राज्याचे दोन सिनेटर त्या राज्याच्या विधिमंडळाने सहा वर्षांसाठी निवडावेत, अशी मूळ राज्यघटनेतील तरतूद होती आणि ती १९१३च्या सतराव्या घटनादुरुस्तीपर्यंत टिकली. आपल्याकडे आमदार राज्यसभेचे सदस्य निवडतात, त्याच जातीची ही व्यवस्था. फरक आहे तो मते मोजण्याच्या रीतीत, आणि माझ्या मते आपल्या प्रश्नाचे उत्तर तिथेच आहे. इलिनॉयच्या दोन्ही सभागृहांचे मिळून शंभर सदस्य एकत्र बसत, एकेकाचे नाव पुकारले जाई, तो उभा राहून उमेदवाराचे नाव मोठ्याने सांगे आणि झालेल्या मतांपैकी निम्म्याहून अधिक कोणालाच न मिळाल्यास पहिल्या नावापासून पुन्हा पुकारा सुरू होई. सर्वांत कमी मतांचा उमेदवार बाद करण्याचा नियम नव्हता. नवा उमेदवार सातव्या फेरीत आणला तरी चालत असे.

मुळात ही जागा जेम्स शील्ड्स या डेमोक्रॅट सिनेटरची होती. इलिनॉयचाच दुसरा डेमोक्रॅट सिनेटर स्टीफन डग्लस याने १८५४ साली कॅन्सस-नेब्रास्का कायदा मंजूर करवून घेतला, त्यामुळे १८२०च्या तडजोडीने गुलामगिरीला बंद केलेला प्रदेश पुन्हा तिच्यासाठी खुला झाला. शील्ड्सने त्या कायद्याच्या बाजूने मत दिले होते. नोव्हेंबरच्या निवडणुकीत इलिनॉयच्या मतदारांनी त्याचा राग काढला आणि विधिमंडळात नेब्रास्का-विरोधकांचे निसटते बहुमत आले. परंतु हे बहुमत एका पक्षाचे नव्हते. त्यात लिंकनसारखे जुने व्हिग (डेमोक्रॅटांच्या विरोधातला त्या काळचा पक्ष) होते, आणि डग्लसवर रुसलेले पण मनाने डेमोक्रॅटच राहिलेले थोडे लोकही होते.

लिंकन स्वतः त्याच निवडणुकीत खालच्या सभागृहावर निवडून आला होता. मात्र राज्याच्या घटनेप्रमाणे विधिमंडळाच्या सदस्याला सिनेटवर जाता येत नसल्याने त्याने ती जागा सोडली आणि पोटनिवडणुकीत ती विरोधकांच्या हाती गेली. (घरचे एक मत असे पदरचे गमावून त्याने सुरुवात केली, ही गोष्ट त्याच्या चरित्रांत फारशी ठळक केली जात नाही.) पुढचे कित्येक आठवडे तो सदस्यांना पत्रे लिहीत होता आणि सगळ्या सदस्यांच्या पक्षवार याद्या स्वहस्ते तयार करीत होता. सिनेटर होण्याचे आपल्या मनाने घेतले आहे, असे त्याने जोसेफ गिलेस्पी या मित्राला सरळच कळवले होते. जानेवारीच्या अखेरीस मोठ्या हिमवादळाने रेल्वे अडकल्या, निवडणूक लांबली आणि शेवटी ८ फेब्रुवारीला मतदान झाले.

लिंकनच्या स्वतःच्या हिशेबाप्रमाणे पहिल्या फेरीत त्याला ४४, शील्ड्सला ४१ आणि ट्रंबुलला ५ मते पडली. उरलेली किरकोळ विखुरली. ट्रंबुलचे ते पाच म्हणजे नॉर्मन जड, जॉन पामर, बर्टन कुक, हेन्री बेकर आणि जॉर्ज ॲलन. ट्रंबुलप्रमाणेच पाचही जण नेब्रास्का-विरोधी डेमोक्रॅट होते, आणि व्हिगाला मत दिले तर आपल्या मतदारांना तोंड दाखवता येणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. फेऱ्यांमागून फेऱ्या झाल्या. लिंकनला निरनिराळ्या वेळी मिळून ४७ सदस्यांनी मत दिले, पण ते एकाच फेरीत कधी जमले नाहीत, आणि पाचांपैकी एकही हलला नाही.

सातव्या फेरीत डेमोक्रॅटांनी डाव उघड केला. शील्ड्सला बाजूला सारून त्यांनी राज्याचा गव्हर्नर जोएल मॅटेसन याला पुढे केले. मॅटेसन हा श्रीमंत कंत्राटदार होता, नेब्रास्का कायद्याविषयी त्याने जाणूनबुजून स्पष्ट बोलणे टाळले होते, त्यामुळे विरोधी गोटातील डळमळीत सदस्यांनाही तो चालण्यासारखा होता. (हाच मॅटेसन पुढे कालव्याच्या जुन्या रोख्यांचे पैसे दुसऱ्यांदा उचलल्याच्या प्रकरणात सापडला.) नवव्या फेरीत त्याची मते ४७ वर पोहोचली, म्हणजे विजयाला तीन कमी. ट्रंबुलकडे ३५ जमली होती आणि लिंकनकडे उरले होते फक्त १५.

या क्षणी गिलेस्पीने लिंकनला विचारले की आता काय करावे. ट्रंबुलला मते द्या, नाही तर तोही जाईल आणि मीही जाईन, असे लिंकनने सांगितले. त्याचा जुना भागीदार स्टीफन लोगन याला ते मुळीच रुचले नव्हते, पण ते पंधराही जण वळले आणि दहाव्या फेरीत ट्रंबुलला ५१, मॅटेसनला ४७ अशी मते पडून निकाल लागला. दुसऱ्या दिवशी लिंकनने गलीना येथील काँग्रेस सदस्य वॉशबर्न याला लिहिलेल्या पत्रात आपल्याच प्रश्नासारखा प्रश्न आहे: माझ्या ४७ मतांनी ट्रंबुलच्या ५ मतांपुढे मान का तुकवावी? हे मॅटेसनचे काम, असे त्याचे उत्तर. केवळ व्यक्तिगत मुद्द्यासाठी सगळे राजकीय फलित मातीत जाऊ देणे मला शक्य नव्हते, असे तो त्याच महिन्यात हेंडरसन याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात म्हणतो. आणि माझ्याहून कमी खेळकर स्वभावाचा माणूस असता तर कदाचित कबूल झाला नसता, हे नमूद करायलाही विसरत नाही.

लिंकनचा त्याग म्हणून ही कथा सांगितली जाते आणि ते खोटे नाही. तरीही मला वाटते की पाचांचे बळ त्यागाआधीच नियमाने ठरवले होते. आपण २०२२च्या जूनमध्ये रात्रभर जागून राज्यसभेची मतमोजणी पाहिली होती, ती आठवावी. सहाव्या जागेवर संजय पवार यांना पहिल्या पसंतीची ३३ आणि धनंजय महाडिक यांना २७ मते होती, तरी निवडून आले महाडिक, कारण त्यांच्या पक्षाच्या दोन उमेदवारांची जादा मते दुसऱ्या पसंतीने त्यांच्याकडे गेली. तेथेही कमी मतांचा माणूस जिंकला, पण सगळे पसंतीक्रम आमदारांनी आधीच कागदावर लिहून दिले होते. ती पद्धत स्प्रिंगफील्डला असती तर किरकोळ उमेदवारांपाठोपाठ ट्रंबुलच बाद झाला असता. म्हणून लिंकन निवडून आलाच असता, असे मात्र नाही, कारण त्या पाचांनी दुसरी पसंती कोरी ठेवली असती तर त्यांची मते तिथेच संपली असती. पुन्हा पुन्हा पुकारा होण्याच्या पद्धतीत कोणीच संपत नाही, आणि जो गट सर्वांत उशिरा थकतो त्याच्याकडे बाकीच्यांना यावे लागते. सोडण्यासारखी आणि सोडा म्हटल्यावर सुटणारी मते फक्त लिंकनकडे होती.

घरातल्या कलहाविषयी आईने विचारले आहे. लिंकनची पत्नी मेरी आणि ट्रंबुलची पत्नी ज्युलिया या जिवलग मैत्रिणी होत्या. १८४२ साली मेरीच्या लग्नात ज्युलिया करवली होती. त्याच वर्षी याच शील्ड्सची टिंगल करणारी पत्रे वर्तमानपत्रात आली होती, त्यांत या दोघींचाही हात होता आणि त्यावरून शील्ड्सने लिंकनला द्वंद्वाचे आव्हान दिले होते. ते मिटले. मैत्री मात्र १८५५च्या निकालाने तुटली आणि मेरीने ज्युलियाला पुढे क्षमा केली नाही. लिंकनने स्वतः त्याच संध्याकाळी ट्रंबुलचे अभिनंदन केले. पाचांतल्या नॉर्मन जडने १८६० साली रिपब्लिकन पक्षाच्या शिकागोच्या अधिवेशनात राष्ट्राध्यक्षपदासाठी लिंकनचे नाव मांडले, आणि गुलामगिरी रद्द करणारी तेरावी घटनादुरुस्ती सिनेटच्या न्यायविषयक समितीतून पुढे आली तेव्हा त्या समितीचा अध्यक्ष ट्रंबुल होता.

पाचांपैकी जॉन पामरची पुढची हकिकत आपल्याला विशेष आवडेल. तो गव्हर्नर झाला, पक्ष बदलत पुन्हा डेमोक्रॅट झाला आणि १८९१ साली स्वतः सिनेटसाठी उभा राहिला. विधिमंडळात त्याच्या पक्षाचे १०१, रिपब्लिकनांचे १०० आणि शेतकरी संघटनेचे ३ सदस्य होते. जिंकायला १०३ मते हवी होती. त्या तिघांनी आपला वेगळा उमेदवार धरून ठेवला आणि जानेवारीत सुरू झालेले मतदान मार्चपर्यंत चालले. अखेर तिघांपैकी दोघे वळले, तिसरा शेवटपर्यंत आला नाही, आणि पामर निवडून आला तो १५४व्या फेरीत.

येथे सर्व कुशल आहे. सौ. आईस साष्टांग नमस्कार, चि. मुक्तास अनेक आशीर्वाद. कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला आज्ञाधारक,
श्रीधर