पुलाच्या सिमेंटचाही हिशेब मांडा

वाशीच्या खाडीवर १९७३ चा पूल, १९९७ चा पूल आणि आता तिसराही. वाचणाऱ्या मिनिटांची चर्चा होते, ओतलेल्या सिमेंटची नाही. सिमेंटसाठी चुनखडी भाजताना जो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, त्यातला निम्म्याहून अधिक इंधनाचा नसून खुद्द चुनखडीतून सुटलेला असतो. भट्टीचे इंधन बदलले तरी तो सुटणारच. यावर पोलाद कारखान्यांत लोखंड बनवताना उरणाऱ्या स्लॅगचा, म्हणजे मळीचा, उपाय हाताशी आहे; ती दळून सिमेंटमध्ये मिसळली की तेवढी चुनखडी कमी भाजावी लागते. भारतीय मानकानुसार स्लॅग सिमेंटमध्ये ती ७० टक्क्यांपर्यंत चालते. शिवाय अशा काँक्रीटमध्ये खारे पाणी सहज शिरत नाही, सळ्या उशिरा गंजतात. खाडीपुलाला आणखी काय हवे? ते सुरुवातीला सावकाश घट्ट होते आणि त्यावर जास्त दिवस पाणी मारावे लागते, हे खरे; ठेकेदाराची घाई नेमकी तिथेच आड येते.

ऐरोलीकडे एका कामावर मिक्सर धुतलेले पांढुरके पाणी तिवरांत सोडलेले मी स्वतः पाहिले. फार वाईट वाटले. ते पाणी तीव्र अल्कधर्मी असते आणि इथले फ्लेमिंगो अभयारण्य २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे. स्लॅगचे किमान प्रमाण आणि धुण्याच्या पाण्यासाठी वेगळी टाकी, या दोन अटी प्रत्येक खाडीपुलाच्या निविदेत घालाव्यात.

– एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई