बरे झालेल्यांची फेरचाचणी कशासाठी?

महोदय,

कोरोनाच्या साथीत, आजारातून बरे होऊन घरी परतलेल्या खानापूर, निपाणी भागातील कामगारांकडून कामावर घेण्यापूर्वी पुन्हा ‘निगेटिव्ह’ अहवाल मागितला जात असे. वास्तविक विषाणूचे निर्जीव अंश नाका-घशात काही आठवडे राहू शकतात आणि विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी आरटीपीसीआर चाचणी तेही टिपते. त्यामुळे अहवाल ‘पॉझिटिव्ह’ आला म्हणजे तो माणूस संसर्ग पसरवतोच असे नाही. म्हणूनच आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) ४ मे २०२१ च्या सूचनेत, एकदा बाधित ठरलेल्याची आरटीपीसीआर पुन्हा करू नये आणि रुग्णालयातून घरी सोडतानाही चाचणीची गरज नाही, असे स्पष्ट केले होते. (ही सूचना मराठीतही फलकावर लागली असती, तर कितीतरी हेलपाटे वाचले असते.) फेरचाचणीपेक्षा घरी परतलेल्या रुग्णाची ऑक्सिजन पातळी आणि, विशेषतः (साखर वाढवू शकणारी) स्टिरॉइड औषधे घेतलेल्यांची, रक्तातील साखर आरोग्य केंद्राने नियमित तपासायला हवी होती.

— एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)