बाबांच्या प्रश्नाचं उत्तर

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

रविवारी फोनवर बाबांनी विचारलं, "दुर्बिणीला डोळा लावत नाहीस, मग दिवसभर करतेस काय?" मला घाईत धड सांगता आलं नाही. म्हणून हे पत्र, मुद्दाम मोठ्या अक्षरात. आई, तूच वाचून दाखव.

आपल्या आकाशगंगेसारख्या शेकडो-हजारो दीर्घिका एकमेकींच्या ओढीने जवळ येतात, तो समूह. असे कितीतरी समूह मिळून महासमूह. २०१७ साली पुण्यातल्या आयुका आणि आयसर या संशोधन संस्थांमधल्या शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांबरोबर असा एक महासमूह शोधला आणि नाव ठेवलं सरस्वती. तो मीन राशीच्या दिशेला, ४०० कोटी प्रकाशवर्षं लांब आहे. त्याच्या या टोकापासून त्या टोकाला जायला प्रकाशालाच ६० कोटी वर्षं लागतात. नाव वाचलं आणि बाबा, दसऱ्याला तुम्ही माझ्या पाटीवर काढून द्यायचात ती एक-एकच्या आकड्यांची सरस्वती डोळ्यांपुढे आली.

समूहात ताऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त द्रव्य दीर्घिकांच्या मधल्या वायूत असतं. तो अतिशय विरळ, पण कोट्यवधी अंश तापलेला, त्यामुळे त्यातून क्ष-किरण निघतात. आपली हवा ते अडवते, म्हणून ते टिपायला चंद्रा, एक्सएमएम-न्यूटन असे उपग्रह लागतात. दोन समूह आदळले की या वायूत आघाताच्या लाटा उठतात. इलेक्ट्रॉन प्रचंड वेग घेतात, चुंबकक्षेत्रात गिरक्या घेतात आणि रेडिओ लहरी सोडतात. सरस्वतीतल्या झ्विकी २३४१ या समूहात क्ष-किरणांचं चित्र लांबट, ओढल्यासारखं दिसतं आणि त्याच्या दोन्ही टोकांपाशी रेडिओची पुसट झळाळी आहे. ही दोन चित्रं एकावर एक ठेवली तेव्हा मला पहिल्यांदा ती टक्कर 'दिसली'. त्या रात्री झोप लागली नाही.

ही झळाळी नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीतूनही टिपली आहे. तिथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. आई, त्या भरीव नाहीत गं. बारीक पोलादी तारांची जाळी ताणून केल्यात. वारा आरपार जातो, पण रेडिओ लहर जाळीच्या भोकांहून खूप लांब असते, ती परतते.

माझा दिवस जातो तो निवडण्यात. विजेच्या तारेवर ठिणगी उडाली, कुठे मोबाइल वाजला, की त्याचा गोंगाट आकाशातून आलेल्या क्षीण लहरीवर चढतो. असा खराब भाग शोधून काढून टाकायचा. आई, तू उन्हात बसून तांदूळ निवडायचीस ना, अगदी तसंच. एक खडा राहिला तरी घास बिघडतो. घाई केली तर खरी झळाळीच खडा समजून फेकली जाते. दिवाळीला मी घरी दोनच दिवस राहिले, त्याचं कारण हेच. तेव्हा नुसतं "काम आहे" म्हणाले, ते तुम्हाला लागलं असणार.

२८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, खोडदला प्रदर्शन भरतं. तुम्ही दोघं या. सिन्नरहून पुण्याच्या एसटीत बसा, नारायणगावला उतरा, मी स्टँडवर असेन. बाबा, गुडघ्याचा पट्टा विसरू नका. आणि कानाचं यंत्र आणाच, मला तुम्हाला तबकडीखाली उभं करून सगळं सावकाश सांगायचंय.

तुमची,
छकुली