पडद्यावरचा नव्हे, पानावरचा स्पायडर-मॅन

महोदय,

सुपरहिरोंचा विषय निघाला की हल्ली चर्चा होते ती चित्रपटांच्या गल्ल्याची. मूळ कॉमिक्सना ‘पोरांचं वाचन’ म्हणून मोडीत काढलं जातं. फेब्रुवारी १९६६चा ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’चा ३३वा अंक नुकताच पुन्हा वाचला. अवजड यंत्राखाली नायक दबलाय, छतातून पाणी गळतंय आणि मे काकूचा जीव वाचवणारं औषध हातभर पुढे पडलंय. घटना म्हणाल तर एवढीच. पण चित्रकार स्टीव्ह डिटको ती अनेक पानं ताणतो आणि कंटाळा म्हणून येत नाही. सुरुवातीच्या चौकटींत यंत्रच यंत्र, स्पायडर-मॅन तळाशी चेपलेला. तो जोर लावू लागतो तशा चौकटी मोठ्या होत जातात आणि शेवटी ओझं भिरकावून देतो तेव्हा अख्खं पान त्याचं. संवाद स्टॅन ली यांचे. ते जरा जास्तच बडबडे आहेत, हे माझं मत. फुग्यांवर बोट ठेवून नुसती चित्रं पाहिली तरी काही अडत नाही. कथानकही डिटकोचंच होतं, हे अनेकांना ठाऊक नसतं.

नव्या आवृत्त्यांतले गुळगुळीत, भडक रंग मात्र मला रुचत नाहीत. जुन्या ठिपक्यांच्या छपाईत डिटकोची शाई कशी ठसठशीत उठते! आपल्या रविवार पुरवणीत चित्रपट परीक्षणाशेजारी कधीतरी अशा जुन्या अंकावरही लेख यावा, ही विनंती.

– एक वाचक, डोंबिवली