शेतरस्त्याच्या आदेशात दुरुस्तीचाही उल्लेख हवा

मा. संपादक यांस,

शेतरस्त्यांच्या प्रकरणांत ‘रस्ता आहे की नाही’ एवढ्याच प्रश्नावर सगळी ताकद खर्च होते. तो मंजूर झाल्यावर त्याची दुरुस्ती कोणी आणि कुठवर करायची, हे मात्र आदेशात बहुधा नसतेच, आणि पुढची भांडणे तिथूनच सुरू होतात. आमच्याकडे कृष्णाकाठच्या काळ्या रानात ओल असताना ऊसतोड आली, की भरलेली ट्रॉली दुसऱ्याच खेपेला रुतते. ज्याचा ऊस अडकला तो मुरमाचा डंपर मागवतो, आणि ज्याच्या रानातून वाट जाते तो ‘वाट जायला दिली आहे, सडक करायला नाही’ म्हणत डंपरपुढे उभा राहतो. कायदा आपल्याच बाजूचा आहे, अशी दोघांचीही खात्री असते.

सुविधाधिकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर असलेला वाटेसारखा हक्क, यासंबंधीच्या भारतीय सुविधाधिकार अधिनियम, 1882 मध्ये या वादाचे उत्तर बरेचसे सापडते. वाटेचा हक्क असणाऱ्याला तो पुरता उपभोगता यावा म्हणून आवश्यक ती कामे करण्याची मुभा कलम 24 देते. वाट नादुरुस्त झाली किंवा झाड पडून अडली, तर शेजाऱ्याच्या जमिनीत जाऊन ती नीट करता येते, हे तिथे उदाहरणासह सांगितले आहे. अट एवढीच, की काम शेजाऱ्याला कमीत कमी त्रास होईल अशा वेळी व अशा रीतीने व्हावे, त्यात झालेली नासधूस शक्य तितकी दुरुस्त करून द्यावी आणि, कलम 25 प्रमाणे, खर्च वाट वापरणाऱ्यानेच सोसावा. तेव्हा चाकोरीतले खड्डे मुरमाने भरण्यास हरकत घेणारा शेजारी, माझ्या मते, चुकतो.

परंतु दुरुस्तीच्या नावाखाली वाट वाढवणाराही तितकाच चुकतो. पायवाटेच्या हक्कात गाडीवाटेचा हक्क येत नाही, असे कलम 28 स्पष्ट म्हणते. वहिवाटीने मिळालेल्या वाटेची व्याप्तीही आजवरच्या वापरावरूनच ठरते. आपल्या रानात प्लॉट पाडून किंवा गोदाम उभारून शेजाऱ्यावरचा भार मोठ्या प्रमाणावर वाढवता येत नाही, हे कलम 29 सांगते. भरावाचे तर कोणी पाहतच नाही. वाट फूटभर उचलली आणि खालून पाणी जाण्याच्या मोरीला सिमेंटचा पाइप घातला नाही, तर वरच्या अंगाला पाणी तुंबून शेजाऱ्याचे सोयाबीन पिवळे पडते. याला दुरुस्ती कसे म्हणावे?

आता आदेशांविषयी. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 143 खाली तहसीलदार बांधावरून रस्ता देतात, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली असलेल्या वाटेतला अडथळा, सहा महिन्यांच्या आत दाद मागितल्यास, दूर करतात. मुरूम, भराव, मोरी यांविषयी या दोन्ही कलमांत अवाक्षर नाही. शिवाय कलम 143 खाली मिळालेला रस्ता आणि 1882 च्या कायद्यातला सुविधाधिकार हे तंतोतंत एक नव्हेत, त्यामुळे दुरुस्तीचा हक्क आदेशातच लिहिलेला असणे अधिक निकडीचे ठरते. शासनाने 22 मे 2025 च्या निर्णयाने शेतरस्ता किमान तीन ते चार मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ सदरी व्हावी असे ठरवले, हे स्वागतार्ह आहे. त्याच नोंदीला जोडून, स्थळपाहणीच्या पंचनाम्यावरून, कोणती वाहने जाणार, भरावाची उंची किती, मोरी नेमकी कुठे आणि काम पीक निघाल्यावर कोणत्या महिन्यांत करायचे, हे आदेशात नमूद करण्याच्या सूचना महसूल विभागाने तहसीलदारांना द्याव्यात. तोवर अर्जदारांनी ही मागणी मूळ अर्जातच करावी. कलम 143 खालच्या निर्णयाविरुद्ध दिवाणी दावा एका वर्षाच्या आतच लावावा लागतो, आणि आदेशातली उणीव पुष्कळदा त्यानंतरच्या पावसाळ्यात लक्षात येते.

आपला,
एक शेतकरी वाचक, जि. सांगली