उभी बाटली, आडवी बाटली आणि सार्वमत

निवडणूक पद्धतीतील बदल सार्वमत घेऊनच करावेत, असे सुचवणारा आपल्या अंकातील लेख वाचला. कल्पना ऐकायला गोड आहे. पण दारूबंदीच्या मतदानात तिची छोटी आवृत्ती आम्ही पाहिली आहे, म्हणून शंका येते. तिथे मतपत्रिकेवर दोनच चित्रे असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान बंद व्हायला यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडवीला लागतात. म्हणजे त्या दिवशी कापूस वेचायला गेलेली बाई, सासरी गेलेली पण यादीतून नाव न निघालेली लेक, एवढेच काय, मयत झालेली आजीसुद्धा जणू उभ्या बाटलीच्या बाजूने धरली जाते. उलट ब्रिटनमध्ये २०१६ साली युरोपीय संघ सोडण्याचा कौल झालेल्या मतदानाच्या जेमतेम ५२ टक्क्यांवर लागला. गावातल्या एका दुकानाला एवढी कडक अट, आणि देशाच्या निर्णयाला काहीच नाही! तेव्हा प्रश्नाची भाषा कोण ठरवणार, किमान मतांची अट किती आणि यादी कोण दुरुस्त करणार, हे लेखकाने आधी सांगावे. एरवी निवडणूक पद्धत बदलताना आम्हाला विचारतो तरी कोण? गावकऱ्यांच्या मतांनी थेट सरपंच निवड २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली, २०२२ मध्ये परत आली. आमच्या ग्रामसभेला तिन्ही वेळा ते पेपरातूनच कळले.

– एक शेतकरी वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ