वेंगुर्ल्याहून मित्रास पत्र

वेंगुर्ला,
मार्गशीर्ष शुद्ध अष्टमी

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

आईने पाठवलेल्या डब्यात लाडवांखाली दडवलेले तुझे पत्र मिळाले. उन्हाळी सुट्टीच्या हंगामाला मी सर्कशीत परत येणार का, असे मॅनेजरसाहेबांनी तुझ्याकरवी विचारले आहे. त्याचे उत्तर शेवटी देतो, कारण येथील हकिकत आधी कळली नाही तर ते तुला पटणार नाही.

गणपतीत येथे आलो तेव्हापासून मला सर्वांत जड गेले ते लोकांचे पाहणे. भरलेल्या गॅलरीसमोर झुल्यावरून झेप घेणाऱ्याला चार माणसांच्या नजरेचे काय, असे तू म्हणशील. परंतु आपल्याकडे बँड वाजला की पाहणे सुरू होते आणि सलामी देऊन पडद्याआड गेलो की ते संपते. येथे ते सकाळी दूध आणायला निघाल्यापासून सुरू होते आणि त्याला मध्यंतरसुद्धा नसते. बाजारात बांगडे घेऊन उभा असलो तरी कोणीतरी "एक कोलांटी मारून दाखय मरे" अशी हाक घालतो. त्यात दुष्टावा नसतो हे मला कळते, पण हातातली पिशवी कोठे ठेवावी हे कळत नाही. वाघाला काय खायला घालता, हाही नेहमीचा प्रश्न. वाघ, सिंह, बिबटे, अस्वले आणि माकडे यांच्या खेळांवर १९९८ साली केंद्र सरकारने बंदी घातली, २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि हे सारे माझ्या जन्माच्या कितीतरी आधी घडले, एवढे सांगूनही समोरच्याचा चेहरा पडतोच; जणू वाघ मीच पळवून लावला. काहीजण माडावर चढून नारळ काढून दे म्हणतात. माझे कसब चढण्याचे नाही, नेमक्या क्षणी झुल्याची दांडी सोडण्याचे आहे, आणि समोर झेलणारा कॅचर व खाली जाळी नसेल तर त्याचा काही उपयोग नाही, हे काकांनाही अजून पुरते पटलेले नाही.

अभ्यास बरा चालला आहे. आजोळी पाचवीपर्यंत शिकल्याचा दाखला आजीने जपून ठेवला होता, म्हणून दहावीला बाहेरून बसण्याचा सतरा नंबरचा फॉर्म भरता आला. तो भरताना कार्यालयातील बाईंनी, चौदा वर्षांच्या आत तू रिंगणात उतरला होतास का, असे हळूच विचारले. नाही, हे खरेच सांगितले. त्यांच्याकडूनच मला कळले की बालकामगार कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीनंतरही चौदा वर्षांखालील मुलांना काही अटींवर चित्रपटांत आणि मालिकांत काम करता येते. सर्कस मात्र त्या सवलतीतून नाव घेऊन वगळली आहे. आपल्या कामातला धोका पाहता ते योग्यच आहे असे मला वाटते, तुला राग आला तरी.

शिकवणीत एकदा गुरुजींनी दोरीला दगड बांधून दोलक समजावला. झोक्याला लागणारा वेळ दोरीच्या लांबीवर ठरतो, टोकाच्या वजनावर नाही. पाच मीटर लांबीच्या दोरीला एक पूर्ण झोका घ्यायला सुमारे साडेचार सेकंद लागतात. झुल्यावर मी असो वा आपले जाडे कॅचरदादा, दोर तोच असेल तर मोजणी का बदलत नाही, याचे कारण इतक्या वर्षांनी वहीत लिहिलेले पाहून मला फार आनंद झाला. अंग आखडले किंवा लांबवले की मात्र वेळ थोडा बदलतो, असे मी म्हणालो, तर गुरुजींनी मला फळ्यापाशी बोलावून ते वर्गाला सांगायला लावले. कोलांटी न मारता लोकांसमोर उभा राहिलो तो येथे तेवढ्या एकाच वेळी.

मध्यंतरी काकांबरोबर जवळच्या गावी जत्रेला गेलो. कार्तिकानंतर येथे गावोगावी जत्रा भरतात आणि दशावतारी मंडळी रात्रभर नाटक करून दुसऱ्या दिवशी पुढच्या गावाला जातात. तू असतास तर मांडवात न बसता माझ्याबरोबर मागेच थांबला असतास. प्रत्येकजण समोर आरसा घेऊन स्वतःच स्वतःचे तोंड रंगवतो. स्त्रीवेश घेणारा गडी मिशा उतरवलेल्या तोंडाने निवांत विडी ओढत असतो. लिहिलेली संहिता नसते, कथानक तेवढे ठरते आणि संवाद रंगमंचावरच सुचतात. पखवाज, पेटी आणि झांज. पहाटेपर्यंत राजा झालेल्या त्या गड्याला मी दोन दिवसांनी वेंगुर्ल्याच्या बाजारात सुरणाची पोती उतरवताना पाहिले. "रात्री राजा, सकाळी डोक्यार बोजा" अशी त्यांच्याविषयी येथे म्हणच आहे. मला नवल वाटले ते याचे, की भर बाजारात एकानेही त्याला राजाचे भाषण करून दाखव असे म्हटले नाही. मी धीर करून त्याचे कारण विचारले. "पावसात माका ह्येंनी चिखलात बघितलेला आसा," एवढेच बोलून त्याने पुढचे पोते पाठीवर घेतले.

तेव्हापासून हेच डोक्यात घोळते आहे. आपण पावसाळ्यात पक्के मैदान शोधत हिंडतो आणि चिखल दिसला की तंबू उचलतो. कोणत्याही गावाने आपल्याला आपल्या खेळाच्या दिवसांव्यतिरिक्त पाहिलेले नाही. म्हणून मॅनेजरसाहेबांना सांग, की मी उन्हाळ्यात येत नाही. परीक्षा झाली की काकांच्या शेतात पेरणी आणि भातलावणी करणार आहे, आणि परत यायचे की नाही ते त्यानंतर ठरवीन. माझी जागा रिकामी ठेवू नये. नवा मुलगा दांडी लवकर सोडतो असे तू लिहितोस; त्याला नुसते ओरडू नका, आधी जमिनीवर बसवून झोके मोजायला लावा. आईला यातले काही बोलू नकोस, तिला मी स्वतंत्र पत्र लिहितो आहे.

तुझा,
झुल्यावरचा जोडीदार